गटाचा सर्व्हर घरात असावा की भाड्याने घ्यावा?

व्हॉल्व्हवाला :
जुने व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचा आमचा इंटरनेटवरचा गट पूर्वी एका बड्या कंपनीच्या फुकट सेवेवर होता. एके दिवशी मेल आली, सेवा बंद होतेय, तुमचं सामान उतरवून घ्या. बरंचसं लिखाण वाचवलं, चित्रं मात्र बहुतेक गेली. त्यात मिरजेच्या एका निवृत्त मेकॅनिकांनी पेन्सिलीने काढलेल्या सर्किटच्या आकृत्या होत्या. ते गृहस्थ आता नाहीत आणि आकृत्याही नाहीत.

तेव्हापासून, म्हणजे 2020 पासून, गट माझ्या घरात आहे. सांगलीत, जिन्याखालच्या फळीवर, एका जुन्या लॅपटॉपवर. तोच आमचा सर्व्हर. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि वर पीएचपीबीबी हे गटचर्चेचं सॉफ्टवेअर. सभासद साडेतीनशेच्या आसपास, नेमाने लिहिणारे वीसेक. लॅपटॉप 15 वॉट खातो, म्हणजे वर्षाला 131 युनिट. एवढ्या विजेत वीस माणसांचा रोजचा कट्टा चालतो. जाहिरात नाही, कोण काय वाचतंय यावर कुणाची नजर नाही, आणि उद्या गाशा गुंडाळा म्हणणारा कुणी नाही. ज्यांना एकमेकांशी बोलायचंय त्यांनी बोलायची जागाही आपलीच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

रात्रपाळी :
पोटासाठी सर्व्हरच सांभाळतो, म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नका. घरचं यंत्र शिकायला उत्तम, पण दुसऱ्यांच्या आठवणी त्यावर ठेवू नयेत.

तुम्ही सांगलीत आहात. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. जिन्याखालची फळी किती उंचीवर आहे? आणि लॅपटॉप वर्षानुवर्षं चार्जरला लावून ठेवला की बॅटरी फुगते, ते निराळंच. महिन्याला चारपाचशे रुपयांत भाड्याचा सर्व्हर मिळतो. त्याची वीज, थंडावा, डिस्क बदलणं हे सगळं दुसऱ्याच्या डोक्याला.

मीटरबँड :
दुसऱ्याच्या डोक्याला दिलं की निश्चिंत झालो, हे मला पटत नाही. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली आणि शेजारच्या इमारतीचंही नुकसान झालं. ज्यांनी बॅकअप दुसरीकडे ठेवला नव्हता त्यांचं गेलं ते गेलंच. पूर इथे येतो, आग तिथे लागते.

आणि मोठ्यांचा भरवसा किती धरायचा? फुकट वेबपानं देणारं जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं, ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला. ऑर्कुटवर आपल्याकडच्या किती कॉलेजांचे, गावांचे, गडकिल्ल्यांचे गट होते! तिथे ना पूर आला, ना आग लागली. मालकाने ठरवलं आणि बंद केलं.

गोदाकाठ :
मला यंत्राचं फारसं कळत नाही, मी सभासद म्हणून लिहिते. आमच्या बियाणं जपणाऱ्या बायकांचा असाच एक गट होता, एका दादांच्या घरच्या मशीनवर. दादा आजारी पडले. आधी पान उघडेना, मग वेबपत्त्याची नोंदणी संपली. पासवर्ड त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हता. त्यांच्या बायकोला दवाखान्यात फोन करून ‘वहिनी, पासवर्ड’ असं कोण विचारणार? आम्ही विचारलं नाही. चार वर्षांच्या पेरणीच्या नोंदी गेल्या.

कंपनीने निदान मेल तरी पाठवली होती. तुमच्या गटाचा पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाकडे आहे?

व्हॉल्व्हवाला :
गोदाकाठ ताई, कुणाकडेच नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

रात्रपाळी, फळी साडेचार फुटांवर आहे. 2019 ला आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, पण दोन गल्ल्यांपलीकडे होतं. बॅटरीचंही तुमचं बरोबर. गेल्या वर्षी फळी पुसताना टचपॅड एका बाजूने वर आलेला दिसला. खालचे स्क्रू काढले तर बॅटरी उशीसारखी फुगलेली, बोट लावायचं धाडस होईना. तीच माझी यूपीएस होती. ती काढल्यापासून इन्व्हर्टरच्या भरवशावर आहे.

बाकी अडचणीही आल्या. घरच्या ब्रॉडबँडला बहुधा इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता नसतो, एकच पत्ता (आयपी) पुष्कळ घरांत वाटलेला असतो. बाहेरून आपल्या यंत्रापर्यंत कुणी पोचूच शकत नाही. स्थिर आयपीचे वेगळे पैसे भरले तेव्हा दार उघडलं. नव्या सभासदांना जाणारी मेल मात्र घरच्या पत्त्यावरून निघाली की थेट स्पॅममध्ये. शेवटी मेलपुरती बाहेरची सेवा घेतली.

रात्रपाळी :
म्हणजे पत्ता भाड्याचा, मेल भाड्याची, तार केबलवाल्याची. घरात उरली फक्त डिस्क. ती एकटी घरात ठेवण्याचा हट्ट का?

मीटरबँड :
कारण लिहिलेलं सगळं डिस्कवर असतं. मेलवाला बदलता येतो, तारवाला बदलता येतो. लिखाण दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तो म्हणेल तेव्हाच निघावं लागतं.

रात्रपाळी :
लिखाण ताब्यात असायला यंत्र घरात लागत नाही, बॅकअप लागतो. व्हॉल्व्हवाले, एकच विचारतो. तुमचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून, गट उघडून पाहिलाय का कधी?

व्हॉल्व्हवाला :
उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण खरंच करून पाहिलं. मुलाच्या संगणकावर सगळं नव्याने चढवलं. गट उघडला, धागे दिसले, जीव भांड्यात पडला. मग ईएल 84 या व्हॉल्व्हच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरचा धागा उघडला. मजकूर आहे, पण आकृतीच्या जागी रिकामी चौकट. दुसरा धागा उघडला, तिथेही तेच. पाच वर्षं रोज रात्री डेटाबेस जपला जात होता, पण सभासदांनी चढवलेली चित्रं ठेवणारं फोल्डर बॅकअपमध्ये घ्यायचंच राहिलं होतं. लॅपटॉपवर ती सुखरूप आहेत, आता तीही रोज जातात. पण त्या फोल्डरमधली फाइलींची नावं म्हणजे नुसती अक्षरांची लांबलचक माळ. कुठलं चित्र कुठल्या धाग्यातलं, हे डेटाबेसशिवाय कळायचं नाही. दोन्ही एकत्र असतील तरच उपयोग.

फळीवरचा लॅपटॉप या पाच वर्षांत कधीही बसला असता. आकृत्या दुसऱ्यांदा गेल्या असत्या, आणि या वेळी माझ्या हातून.

यंत्र घरातच ठेवणार, ते मत बदललेलं नाही. पण किल्ली एकट्याकडे ठेवणार नाही. गटातल्या दोघांना विचारलंय, एक कोल्हापूरचे, एक पुण्याचे. पत्त्याची नोंदणी दहा वर्षांची एकदम भरली. पासवर्ड पाकिटात घालून बायकोच्या कपाटात ठेवलाय, आणि पाकिटावर त्या दोघांचे फोन नंबर लिहिलेत.

गोदाकाठ :
वहिनींना ते पाकीट कशाचं आहे हे नीट सांगून ठेवा. नाहीतर आवराआवरीत जाईल.

रात्रपाळी :
मी अजूनही म्हणेन की भाड्याने घ्या. पण चित्रांसकट पूर्ण प्रत नदीपासून लांब कुठेतरी असायला हवी, आणि यात थांबण्यात अर्थ नाही. मी विट्याला असतो. रविवारी सांगलीत येणं आहे, 2 टीबीची डिस्क घेऊन येतो. तिथेच उतरवून, माझ्या मशीनवर चढवून बघू. आधी तो ईएल 84 चा धागा उघडू.