गोल्फचं हँडिकॅप (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) काढतात कसं, आन ऑफिशियल कधी होतं?

लातूरकर: राम राम. सहा महिने झाले सुट्टीला पुण्याला जाऊन गोल्फ खेळायलोय. तीन राउंड (१८ होलचा पूर्ण खेळ) झाले, फटके लागले १०७, ११२, १०९. पार (कोर्सवर अपेक्षित फटके) ७२, म्हणून वजा करून सरासरी ३७ वहीत लिहिली तर सोबतचे म्हणतेत हे चालत नाही. कामून?

जालनेकर: पार नाही भाऊ, कोर्स रेटिंग (पट्टीच्या खेळाडूला तिथं लागणारे फटके) वजा करायचं, मग ११३ नं गुणून स्लोपनं (साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड, तो आकडा; ११३ म्हणजे मध्यम) भागायचं. कार्डावर दोन्ही आकडे असतात बघ. समज रेटिंग ७१ आन स्लोप १२०, तर १०७ चे ३६ उरले, त्याचे झाले ३३.९. सरासरी तर नाहीच! तीनच राउंड असले तर असा काढलेला सगळ्यात कमी आकडा घेऊन २ वजा. पुढं वीस राउंड झाले की त्यातल्या चांगल्या आठांची सरासरी, म्हणजे एखादा दिवस लई वाईट गेला तरी घाबरू नको. २०२० पासून जगभर हीच पद्धत हाय.

नांदेडकर: आन वहीतलं ऑफिशियल नसतं. क्लबची मेंबरशिप लागते, सोबत खेळणाऱ्याची कार्डावर सही लागते, मग स्कोअर सिस्टिममध्ये चढतो. नव्या माणसाला एका होलवर त्या होलचा पार अधिक ५ च्या वर फटके धरत नाहीत, ते बघितलं का?

लातूरकर: अरे हो! १०७ मध्ये पार ४ च्या होलवर पाण्यात दोन बॉल गेले, ११ लागले. मग ९ च धरायचे, म्हणजे १०५. रेटिंग-स्लोप आमच्या कार्डावरबी हेच हाय, ३४ चे ३२.०, वजा २, ३०.० आलं! रविवारी सही घेतोच.