सॅपमध्ये अ‍ॅसेट मास्टर वाचणारी बापी रिकामी परत येते

प्रश्न: सॅप (कंपन्यांचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर) मधल्या अ‍ॅसेट मास्टरची, म्हणजे मालमत्तेच्या मूळ नोंदीची, माहिती हवी आहे. त्यासाठी पायथनमधून आरएफसीने (सॅपचं फंक्शन बाहेरून चालवायची सोय) बापी_फिक्स्डअ‍ॅसेट_गेटडिटेल ही बापी (सॅपचं तयार फंक्शन) कॉल करतोय. एसई३७ मध्ये (सॅपमधला फंक्शन तपासायचा स्क्रीन) तोच अ‍ॅसेट दिसतो, कोडमधून मात्र सापडत नाही. कंपनी कोड (सॅपमध्ये कंपनीची ओळख) बरोबर आहे.

उत्तर १: बहुतेक शून्यांचा घोळ. डेटाबेसमध्ये अ‍ॅसेट नंबर १२ अक्षरी असतो, सबनंबर (त्याच अ‍ॅसेटचा उपक्रमांक) ४ अक्षरी. एसई३७ चा स्क्रीन पुढची शून्ये स्वतः भरतो, आरएफसी भरत नाही. म्हणून ३०००१२ ऐवजी ००००००३०००१२ पाठवा आणि सबनंबर ०००० असा. दोन्ही स्ट्रिंगच ठेवा. इंटिजर केलात की शून्ये गेलीच. कंपनी कोडचंही तेच, तो ४ अक्षरी.

उत्तर २: शिवाय रिटर्न (बापी परत देते तो निकालाचा मेसेज) न तपासता पुढे जाऊ नका. बापी चूक झाली तरी एक्सेप्शन टाकत नाही, मेसेज टाइप ई (एरर) किंवा ए (अ‍ॅबॉर्ट) देऊन शांत बसते.

प्रश्नकर्ता: शून्ये भरली, डेटा आला! घसाऱ्याच्या वार्षिक रकमा थेट एएनएलसी (अ‍ॅसेटच्या वार्षिक रकमांचं) टेबलमधून घेऊ का?

उत्तर १: एस/४हाना (सॅपची नवी आवृत्ती) असेल तर नको. तिथे पोस्ट झालेल्या रकमा मुख्यतः एसीडीओसीए या हिशेबाच्या एकत्रित टेबलमध्ये असतात. एफएएव्ही_एएनएलसी हा व्ह्यू (जुन्या टेबलच्या रूपात डेटा दाखवणारा) वाचा. अ‍ॅसेट मास्टरचं एएनएलए मात्र आजही खरं टेबल आहे.