मदत हवी आहे: क्रायसिस वर्करचं सर्टिफिकेट सोलापुरात कुठे मिळेल?

पूर्वभागकर
सोमवारपर्यंत हवं आहे म्हणून थेट विचारते. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी हेल्पलाइनवर बसायचं तर मान्यताप्राप्त सर्टिफिकेट सोलापुरात कोण देतं? नेटवर अमेरिकन असोसिएशन ऑफ सुइसिडॉलॉजीचं सापडलं, त्याला परीक्षा आहे, फी डॉलरमध्ये. ते इकडे चालतं का? की एका दिवसाचा ऑनलाइन कोर्स करून टाकू? सल्ले नकोत, माहिती द्या.

नियमावली
शिक्षण काय? नोकरी की स्वयंसेवा? आणि मान्यता कोणाची हवी आहे? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

काळीमाती
ताई, मानसोपचारतज्ज्ञ व्हायला एमबीबीएस लागतं, मग एमडी सायकियाट्री. त्यासाठी पुन्हा नीट पीजी. माझा पुतण्या लातूरला क्लासला होता, माहिती हवी असेल तर विचारून देतो.

पूर्वभागकर
डॉक्टर व्हायचं नाहीये हो. फोन घ्यायचे आहेत. शिक्षणाचा काय संबंध?

नियमावली
संबंध आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२ चा कायदा आहे. समुपदेशक २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली आले. 'क्रायसिस वर्कर' या नावाचा परवाना आपल्याकडे नाही. अमेरिकेतलं प्रमाणपत्र तिथल्या कामासाठी आहे, ते घेऊन इथे वेगळा अधिकार मिळत नाही. डॉलर वाचवा. आणि मानसशास्त्राची पदवी नसेल तर फोनला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत.

डेक्कनवाली
शेवटचं वाक्य मान्य नाही. मी पुण्यात अशा लाइनवर फोन घेते, कॉमर्सची आहे. आधी मुलाखत झाली, मग प्रशिक्षण, मग जुन्या माणसाच्या शेजारी बसून ऐकणं, त्यानंतर स्वतःचा फोन. सगळ्यात जास्त सराव एका प्रश्नाचा करून घेतला: "जीव द्यावासा वाटतोय का?" हे सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. हे वाचून येत नाही, तोंडातून शब्द काढायलाच वेळ लागतो.

एका दिवसाच्या कोर्सबद्दल: क्यूपीआर नावाचं प्रशिक्षण तासा-दोन तासांचं असतं. विचारा, समजवा, योग्य जागी पोचवा, एवढंच. शिक्षक, पोलीस, वॉचमन यांनी जरूर करावं. असिस्ट नावाचं दुसरं प्रशिक्षण दोन दिवसांचं, जास्त खोल. पण यातलं एखादं करून लगेच लाइन चालवायला बसू नका. पुण्यात कनेक्टिंग ट्रस्ट, ठाण्यात आयपीएच, या दोन्ही मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांकडे विचारा.

नियमावली
आणि समोरच्याला भास होत असतील तर? दारू सुटल्यावरचा त्रास असेल तर? कॉमर्सवाल्याला कसं ओळखू येणार?

डेक्कनवाली
निदान करायचं नसतंच आम्हाला. धोका किती आहे ते बघायचं आणि सुपरवायझरला सांगायचं. सुपरवायझर नसलेली लाइन मी पदवीवाल्यांच्या हातातही देणार नाही.

सातरस्ता
पुण्याला जायचं तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरा, रात्री परत.

काळीमाती
हुतात्माला जागा मिळते का आता? पण या भानगडीत पडूच नये ताई. असा फोन आला की पोलीस केस होते, साक्षीला जावं लागतं.

विडीघरकुल
काका, असं सांगून लोकांना घाबरवू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ११५: जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम नव्या न्याय संहितेत आलेलंच नाही. ही भीती घालवणंसुद्धा हेल्पलाइनचंच काम आहे. घरचे लोक याच धाकाने दवाखान्यात खरं सांगत नाहीत.

पूर्वभागकर ताई, फोन कुठल्या भाषेत घेणार? आपल्याकडे सोलापुरात पुष्कळ बायका घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोट रोडकडे कन्नड. व्यवहाराचं मराठीत बोलतील, पण रडताना मराठी येत नाही हो. प्रशिक्षण पुण्याचं घ्या नाहीतर ठाण्याचं, सराव मात्र घरच्या भाषेत करा.

पूर्वभागकर
तेलुगू घरचीच. बीए मानसशास्त्र झालंय. एक संस्था यंत्रमाग आणि विडी कामगार बायकांसाठी संध्याकाळी फोन सुरू करतेय. देणगी देणाऱ्या कंपनीच्या फॉर्ममध्ये 'सर्टिफाइड क्रायसिस वर्करचं नाव' असा रकाना आहे. तो भरायचा आहे सोमवारी.

नियमावली
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. रकान्यात 'सर्टिफाइड' लिहू नका. कोणतं प्रशिक्षण, कोणाकडून, किती तास, देखरेख कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाची, हे लिहा. प्रशिक्षण व्हायचं असेल तर 'नियोजित' लिहा आणि तारीख टाका. खोटं प्रमाणपत्र जोडण्यापेक्षा हे वाचून कंपनी जास्त विश्वास ठेवेल.

सूर्योदय
रोज बारा सूर्यनमस्कार आणि ध्यान केलं तर अशी वेळच येत नाही. शाळेपासून सुरू करायला हवं.

डेक्कनवाली
सूर्योदय, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.
पूर्वभागकर, तुमची वेळ संपल्यावर फोन आला तर कोण घेणार? रेकॉर्डेड आवाजात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ सांगा, तोही तेलुगूत. तो चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि अनेक भाषांत बोलतात. आणि जड फोन झाला की त्याच रात्री तुम्ही कोणाशी बोलणार, तेही आधी ठरवा. ते नाव फॉर्ममध्ये नसलं तरी चालेल, पण ठरलेलं हवं.

विडीघरकुल
देखरेखीसाठी आधी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा. तुमच्या फोनवरून आलेली बाई तिथे कोणाकडे पाठवायची, हे ठरल्याशिवाय नंबर छापू नका.

पूर्वभागकर
उद्याच जाते. केसपेपर काढावा लागेल का? मला पेशंट म्हणून जायचं नाहीये.

विडीघरकुल
केसपेपर नको. आधी समाजसेवा अधीक्षकांना भेटा, ते विभागात ओळख करून देतील. सकाळी ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना गाठू नका, गर्दी सरल्यावर जा. संस्थेचं पत्र आणि नोंदणीची झेरॉक्स सोबत ठेवा.