साईडकारची रेस जिंकतो कोण? हँडल धरणारा की बाहेर लटकणारा?

लेस्टरकर

जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचा नाद असलेल्या माणसाला एरिक ऑलिव्हर हे नाव सांगावं लागत नाही. साईडकारच्या, म्हणजे बाजूला तिसऱ्या चाकाची बैठक जोडलेल्या मोटरसायकलींच्या, शर्यतींचा चार वेळा जगज्जेता: 1949, 1950, 1951 आणि 1953. गाडी नॉर्टन. पण त्याच्या शेजारी कोण होतं, असं विचारलं की भलेभले गप्प होतात. पहिल्या वर्षी डेनिस जेंकिन्सन, पुढची दोन वर्षं इटलीचा लोरेन्झो डोबेली, 1953 ला स्टॅन्ली डिबेन. माझं म्हणणं असं, की ही चार अजिंक्यपदं एकट्या ऑलिव्हरची म्हणून सांगणं हा त्या तिघांवर अन्याय आहे. साईडकारच्या रेसला विजेते दोन असतात आणि दोन्ही नावं एकाच दमात घ्यायला हवीत.

हे मी पुस्तकं वाचून बोलत नाही. साठच्या दशकाच्या शेवटी मी लेस्टरला कारखान्यात टर्नर म्हणून लागलो. मॅलरी पार्कचा ट्रॅक जवळच. कारखान्यातल्या गोऱ्या मित्रांबरोबर रविवारी जायचो. सोलो, म्हणजे साध्या दुचाकींची रेस सगळेच बघत, साईडकारच्या वेळी मात्र मी कुंपणाला चिकटून उभा राहायचो. तिथे शॉज हेअरपिन हे उजवं वळण, आणि ते संपतं न संपतं तोच उतरणीवर डेव्हिल्स एल्बो हे डावं. इंग्लंडात साईडकार गाडीच्या डाव्या अंगाला. त्यामुळे उजव्या वळणावर पॅसेंजर रायडरच्या पाठीमागे, मागच्या चाकावर अंग टाकतो. डावं वळण आलं की साईडकारचं चाक उचलायला लागतं, मग त्याने तेवढ्यात पलीकडे झेपावून साईडकारच्या बाहेर लटकायचं, खांदा रस्त्यापासून वीतभर. रेस संपल्यावर पॅडकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, मी एका पॅसेंजरची चामड्याची विजार पाहिली होती. कमरेच्या डाव्या बाजूला ठिगळावर ठिगळ, आणि वरचं ठिगळही घासून पांढरं पडलेलं. रस्त्यानेच ते घासलं होतं. अशा माणसाचं नाव निकालात बारीक अक्षरात का?

टीटीत, म्हणजे आइल ऑफ मॅन बेटावरच्या मोटरसायकल शर्यतींत, साईडकारची पहिली रेस 1923 ला झाली. फ्रेडी डिक्सनने डग्लस गाडीवर ती जिंकली, असं सगळीकडे लिहितात. त्या गाडीची साईडकार वळणावर कलती करता यायची, आणि ती कलती करण्याचा दांडा डिक्सनच्या हातात नव्हताच. तो होता वॉल्टर डेनीच्या हातात. म्हणजे पहिल्याच रेसमध्ये गाडीचं अर्धं नियंत्रण पॅसेंजरकडे होतं!

यंत्रवेडा

काका, आठवणी फार सुंदर. पण मुद्दा पटत नाही, आणि तुम्हीच दिलेल्या माहितीमुळे पटत नाही. ऑलिव्हर चार वेळा जिंकला आणि पॅसेंजर झाले तीन. बदलला नाही तो एकच माणूस. जेंकिन्सन गेला, डोबेली आला, तरी निकाल तोच. मग निकाल कोणामुळे लागत होता?

दुसरं, गाडी बांधतो कोण? गुडघे टेकून, पोटावर ओणवं होऊन चालवायची बुटकी साईडकार ऑलिव्हरने 1953-54 च्या सुमारास नॉर्टनवर आणली. आजच्या सगळ्या रेसिंग साईडकार तिच्याच वाटेने आलेल्या आहेत. ती कल्पना, तिच्यासाठी जागवलेल्या रात्री, खर्च, सगळं रायडरचं. गवयाला तबलजी लागतोच, चांगला लागतो, पण मैफल गवयाच्या नावानेच लागते. त्यात तबलजीचा अपमान नाही.

आणि 1958 चं काय? ऑलिव्हरने त्या वर्षीच्या टीटीत साधी रस्त्यावरची नॉर्टन डॉमिनेटर आणि वॉटसोनियनची घरगुती साईडकार उतरवली. आत पॅट वाइझ या बाई बसलेल्या. रेसिंगच्या बीएमडब्ल्यूंच्या गर्दीत तो दहावा आला. याला म्हणतात रायडर.

लेस्टरकर

यंत्रवेडा, उत्तम उदाहरण दिलंत, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. त्या साईडकारला बाहेर लटकायला जागाच नव्हती, ती प्रवासाची होती. जगातला सर्वांत हुशार रायडर, पण पॅसेंजरला काम करायला वाव नाही, गाडीही रस्त्यावरची, आला दहावा. रेसिंगची गाडी आणि बाजूला लेस नट असताना 1954 ला त्याच टीटीत तो पहिला आला होता.

तबलजीचा दाखला इथे लागू पडत नाही. तबला थांबला तरी गवई गाऊ शकतो. पॅसेंजरने डाव्या वळणावर एक क्षण उशीर केला तर साईडकार वर येते आणि गाडी रायडरसकट उलटते. ऑलिव्हरचे पॅसेंजर बदलले तरी तो जिंकत राहिला, हे खरं. पण कोणालाही उचलून त्याने बसवलं नव्हतं. हाच जेंकिन्सन 1955 ला इटलीतल्या मिल्ले मिल्या या मोटारींच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसला आणि कागदाच्या गुंडाळीवर लिहिलेलं एकेक वळण खुणेने सांगत गेला. मॉस जिंकला. दोन वेगळ्या खेळांत, दोन वेगळ्या अव्वल माणसांशेजारी तोच माणूस होता. याला योगायोग म्हणणार का?

दुपारचा चहा

तुम्ही दोघंही मानाबद्दल बोलताय, मला जिवाबद्दल बोलायचंय. रायडरच्या हातात ब्रेक असतो, थ्रॉटल असतो. पॅसेंजरच्या हातात फक्त पकडायच्या मुठी. दुसऱ्याच्या निर्णयावर आपला जीव टाकायचा, तोही साठ किलोमीटरच्या डोंगरी रस्त्यावर, दगडी भिंतींच्या मधून. इंगे स्टॉल 1954 ला टीटीत उतरलेली पहिली बाई, जाक द्रियोंची पॅसेंजर. चार वर्षांनी ब्रनोच्या रेसमध्ये दोघंही गेले. 2022 च्या टीटीत बाप-लेक एकाच साईडकारवर गेले. त्या घरच्या बाईचा विचार करा. मान कोणाला द्यायचा हा प्रश्न नंतरचा. त्या रस्त्यावर ही रेस व्हावीच का, हा आधीचा. मला विचाराल तर बंद ट्रॅकवर करा, जितकी करायची तितकी.

बुलेटवाली

आमच्याकडे पुण्यात बाबांच्या स्कूटरला साईडकार होती. आई आत, मांडीवर मी, पुढे भाऊ उभा. डावीकडे वळताना बाबा ओरडायचे, "डावीकडे झुका!" ते का, हे आज लेस्टरकर काकांमुळे नीट समजलं. तिथेही तेच होतं का काका, कुटुंबाची गाडी म्हणून साईडकार?

यंत्रवेडा यांना एक सांगते. 2016 ला फिनलंडची किर्सी कैनुलाइनेन साईडकारची जगज्जेती झाली. या खेळात जगज्जेती झालेली ती पहिली बाई. ती पॅसेंजर होती, पेक्का पैव्हरिन्टाची. रायडर जिंकला आणि ती सोबत होती, असं कोणी लिहिलं नाही. अजिंक्यपद तिचंही मानलं गेलं. मग 1949 च्या जेंकिन्सनने काय घोडं मारलंय?

लेस्टरकर

हो ताई, अगदी तेच. पन्नाशीच्या दशकात इथल्या कामगाराला कार परवडायची नाही. बीएसए किंवा पँथरचं मोठं एकसिलिंडरी इंजिन, त्याला साईडकार, आत बायको-मुलं, आणि सुट्टीत समुद्रावर. 1959 ला मिनी ही छोटी कार आली आणि काही वर्षांत घरोघरच्या साईडकार परसात गंजायला लागल्या. माझ्याकडे जुनी ट्रायम्फ थंडरबर्ड होती साईडकारसकट, मिनीवाल्या शेजाऱ्याने मातीमोल भावात दिलेली. साईडकार रिकामी असली की डाव्या वळणावर हलकी व्हायची, म्हणून आत वाळूचं पोतं टाकायचो. सौ. बसली की पोतं काढायचं. ती सांगितल्याशिवाय बरोबर वेळी झुकायची, आणि तिच्यासारखी वळणं मला पोत्याबरोबर कधीच घेता आली नाहीत.

"दुपारचा चहा" यांच्याशी मी वाद घालणार नाही. माझ्या ओळखीतलं एक घर असं उजाडलेलं आहे. फक्त एवढंच म्हणतो, जो इतका धोका पत्करतो त्याचं नाव तरी पूर्ण लिहा.

यंत्रवेडा

कैनुलाइनेनचा मुद्दा मान्य. अजिंक्यपद दोघांना द्यावं, नियमातच तसं असेल तर वादच नाही. पण इतिहास सांगताना मी रायडर आणि यंत्र यांनाच पुढे ठेवणार, कारण निकाल बदलले ते यंत्राने. 1954 ला मोसमाच्या मध्यात ऑलिव्हरचा हात मोडला आणि अजिंक्यपद बीएमडब्ल्यूच्या विल्हेल्म नोलकडे गेलं. त्यानंतर वीस वर्षं, दोन-चार अपवाद सोडले तर, बीएमडब्ल्यूच. ब्रिटिश पॅसेंजर एकदम वाईट झाले होते का? नाही. नॉर्टनचा उभा, उंच सिलिंडर. बीएमडब्ल्यूचे दोन सिलिंडर आडवे, दोन बाजूंना पसरलेले. इंजिन खाली, वजन खाली. तीन चाकांवर वजन खाली असण्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. 1962 ला ख्रिस व्हिन्सेंट आणि एरिक ब्लिस बीएसएवर टीटी जिंकले, पण पुढचे बीएमडब्ल्यूवाले बाद झाले म्हणून.

लेस्टरकर

व्हिन्सेंट आणि ब्लिस. पाहा, तुम्हीही दोन्ही नावं लिहिलीत.

इंजिनाबद्दल तुमचं बरोबर आहे. बीएमडब्ल्यूसमोर नॉर्टन संपली ती अभियांत्रिकीने, आणि इथल्या कारखानदारांनी नव्या इंजिनावर पैसा घालायचं टाळलं म्हणून. पुढे होंडाने सोलो गाड्यांत तेच केलं. 1969 ला सीबी 750 आली, बटण दाबून चालू होणारी, पुढे डिस्क ब्रेक. आमच्या ट्रायम्फ तेव्हाही लाथ मारून चालू होत आणि खाली तेलाचा डाग सोडत. तरी मी ट्रायम्फच ठेवली. पण आडवं इंजिनसुद्धा डाव्या वळणावर आपोआप झुकत नाही. मॅक्स डॉयबेलने 1961 ते 1964 सलग चार वेळा जिंकलं ते बीएमडब्ल्यूवर, आणि चारही वर्षं बाहेर लटकत होता एमिल हॉर्नर. तुमचा न बदलणारा माणूस इथे दोघांपैकी कोणता, ते सांगा.

यंत्रवेडा

डॉयबेल-हॉर्नर जोडी मानली. ऑलिव्हरवर मात्र मी ठाम आहे. पुढच्या उन्हाळ्यात मुलाकडे नॉटिंगहॅमला येतोय, मॅलरी पार्कला तुमच्याबरोबर येईन. कुठे उभं राहायचं ते तुम्ही ठरवा.

लेस्टरकर

या. हेअरपिन आणि डेव्हिल्स एल्बोच्या मध्ये उभे राहू. पहिल्या दोन फेऱ्या रायडरकडे बघायचंच नाही, फक्त पॅसेंजरकडे. नंतर बोलू.