क्लबहाऊसचं अल्ट्रासाऊंड मशीन (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

ए-७०२ ताई: दुखऱ्या स्नायूंना शेक द्यायच्या मशीनच्या प्रोबवर (अंगावर फिरवायच्या मुठीवर) पुन्हा बाम चोपडलेला. जेलच्या बाटलीचं झाकणही गायब. तिसऱ्यांदा सांगतेय.

बी-१०१ काका: मशीन सोसायटीच्या पैशांतून घेतलंय. वापरणाऱ्याने नोंदवहीत सही करावी.

सी-५०४: बामाने काय बिघडतं? छान गरम वाटतं की.

डी-४०३ फिजिओ: ती ऊब बामाची, मशीनची नव्हे. प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा पापुद्रा जरी राहिला तरी मशीनच्या ध्वनिलहरी तिथूनच परत फिरतात. म्हणून जेल, तेही हात आखडता न घेता.

सी-५०४: साजूक तूप? 😄

ए-७०२ ताई: 🙏

सी-१०२ काकू: एका जागी धरून ठेवलं की आत हाडात ठणकतं. म्हणजे लागू पडतंय ना?

डी-४०३ फिजिओ: नाही हो काकू! हाडावरचं आवरण तापतंय ते. लगेच थांबवायचं. प्रोब सतत फिरता हवा, सेकंदाला साधारण ४ सेंमी, छोटी छोटी वर्तुळं. आपला प्रोब ५ चौ. सेंमीचा, तर जागा फार तर १० चौ. सेंमी आणि वेळ ५ मिनिटं. मानेकडून खांद्यावर उतरणारा ट्रॅपेझियस स्नायू वरवर असतो, त्याला लहरींची वारंवारता ३ मेगाहर्ट्झ. खोल स्नायूंना १. दर चौ. सेंमीला १ वॅट ठेवलं तर ३ मेगाहर्ट्झवर स्नायू मिनिटाला सुमारे ०.६ अंश तापतो, १ वर जेमतेम ०.२. अख्ख्या पाठीवर इस्त्रीसारखा फिरवला तर काहीच तापत नाही.

सी-५०४: इस्त्री 😂 काकांचा शर्ट पण होईल.

बी-१०१ काका: थट्टा पुरे. मशीन सोसायटीच्या पैशांतून घेतलंय. नोंदवहीत सही करावी.

ए-२०५: शनिवारी प्रोब पडला होता ना? लहरी काढणारा आतला क्रिस्टल तडकला तरी मशीनवरचा दिवा लागतोच. प्रोब उलटा धरा, कडेला चिकटपट्टीचं कडं करून त्यात थोडं पाणी घाला, मग पॉवर हळूहळू वाढवा. पाणी थरथरलं तर लहरी निघताहेत. किती निघताहेत ते मात्र कॅलिब्रेशनशिवाय (उपकरणाने मोजून तपासल्याशिवाय) कळत नाही.

सेक्रेटरी: कॅलिब्रेशनचं कोटेशन मागवलंय.

बी-६०२: लिफ्टचंही मागवलं होतं. दिवाळीत.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय इथे नको, कृपया.

बी-६०२: मग कुठे? एजीएममध्ये तर चहा आला की सभा संपते.

डी-४०३ फिजिओ: जरा मुद्द्यावर येऊ. पेसमेकर, कर्करोगाची गाठ, गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय मशीनला हात लावू नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीच नाही. मधुमेहात कातडीला गरम-गार कळतंय का ते आधी बघायचं, नाहीतर भाजलेलं उशिरा समजतं. हातात मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल तर मशीन राहू द्या, डॉक्टरांकडे जा. आणि खरं सांगू? नुसत्या अल्ट्रासाऊंडने मानदुखी जाते याचा पुरावा कच्चाच आहे. हनुवटी सरळ मागे घ्या, ५ सेकंद धरा, असं १० वेळा. दिवसातून तीनदा.

सी-५०४: हनुवटी मागे घेतली की मोबाइल दिसत नाही.

डी-४०३ फिजिओ: तेच औषध.

ए-७०२ ताई: प्रोब पुसून ठेवलाय. झाकण कॅरमच्या डब्यात सापडलं.

बी-१०१ काका: नोंदवहीत तुमचीही सही नाही.