बाबांना केमो द्यायची की नाही, घरात एकमत होत नाहीये

सातारची_लेक:
बाबा ७४ वर्षांचे, फुफ्फुसाचा कॅन्सर, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, चौथी स्टेज. आयुष्यात कधी सिगरेट ओढली नाही. छातीत पाणी भरतं, काढलं की थोडे दिवस बरं, मग परत चार पायऱ्या चढल्या की दम. डॉक्टर म्हणतायत सोमवारी केमो सुरू करू. दादा म्हणतो जमीन विकू पण सगळं करायचं, आई म्हणते हाल नको करू त्यांचे, आणि बाबांना आम्ही सांगितलंय छातीत इन्फेक्शन आहे. कुणी यातून गेलंय का? प्लीज सांगा.

भूषण_ठाणे:
ताई, आधी विचारा बायॉप्सीच्या ब्लॉकवर (तपासायला काढलेला तुकडा मेणात जपून ठेवतात तो) ईजीएफआर, एएलके या जनुकांची टेस्ट केलीय का. सिगरेट न ओढणाऱ्यांत म्युटेशन, म्हणजे गाठीच्या जनुकात बदल, निघायची शक्यता जास्त, आणि निघालं तर बऱ्याचदा केमोऐवजी रोजची गोळीच देतात. माझ्या काकांना गेफिटिनिब होती, जेनेरिक असल्यामुळे परवडली, पुरळ आणि जुलाबाचा त्रास झाला पण स्वतः भाजी आणायला जायचे. रिपोर्टला एक-दोन आठवडे लागतात, तेवढं थांबता येईल का ते डॉक्टरांनाच विचारा. जमिनीचं आत्ता नका काढू, आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले योजनेत काय बसतं ते बघा.

रेवती_क:
बाबांना सांगा गं. माझ्या आईपासून आम्ही लपवत होतो आणि तिने फाइलवरचं ऑन्कोलॉजी, म्हणजे कॅन्सर विभाग, वाचून नर्सला कधीच विचारून घेतलं होतं, आमच्यासमोर मात्र गप्प. नंतर तिने डॉक्टरांना एकच विचारलं, याने मी बरी होणार की फक्त दिवस वाढणार, आणि त्या दिवसांत मला माझं माझं उठता येईल का. आम्ही भावंडं महिनाभर भांडत होतो पण हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही सुचला नव्हता. दादा आणि आई दोघंही प्रेमापोटीच बोलतायत पण शरीर बाबांचं आहे.

डॉ_अनघा:
रेवतीशी सहमत. बाबा दिवसातला किती वेळ अंथरुणात असतात ते डॉक्टरांना नीट सांगा, केमो झेपेल का हे त्यावर बरंच ठरतं. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं, दम असा त्रास कमी करणारी काळजी, घेतली की उपचार बंद असं नाही, ते आत्तापासून केमोबरोबरही घेता येतं. पुण्यात वारज्याला त्यासाठी सिप्ला सेंटर आहे, मोफत, घरच्या माणसाला सोबत राहता येतं.

सातारची_लेक:
फाइल बघितली, टेस्ट केलेलीच नाही. उद्या ब्लॉकचं विचारते. दादा आत्ता फोनवर खूप रडला, म्हणाला बाबांशी तूच बोल, मला जमणार नाही. डॉक्टर, पाणी सारखं भरतं त्याला काही करता येतं का?

डॉ_अनघा:
हो, नळी ठेवता येते किंवा औषध सोडून फुफ्फुस आणि छातीच्या भिंतीमधली पाणी भरायची जागा चिकटवतात. प्लुरोडेसिस म्हणून विचारा, सोमवारच्या आधीच.