राणीछाप, गिन्नी आणि ‘जुने सोने रोखीने घेतो’ : तुमचे अनुभव

गुळांबा
चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून आमच्या रस्त्यावर ‘जुने सोने-चांदी रोखीने घेतो’ अशा पाट्यांचं पीक आलंय. त्यातल्या एकीवर काल ‘राणीछाप, गिन्नी, जुनी नाणी’ (राणीछाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया, गिन्नी म्हणजे इंग्रजांचं सोन्याचं नाणं) असंही लिहिलेलं दिसलं आणि आजेसासूबाईंची पुरचुंडी आठवली. खणाच्या तुकड्यात बांधलेले कलदार, म्हणजे इंग्रजी अमलातले चांदीचे रुपये. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात निघायचे, दुसऱ्या दिवशी पुसून परत कपाटात. त्या गेल्यावर वाटणीसाठी सासरे आणि काकासासरे ते घेऊन सराफाकडे गेले, मीही बरोबर होते. सराफाने गाठ सोडली नि सगळे रुपये एकदम तागडीत ओतले. ना सन बघितलं, ना छाप. सासरे म्हणाले, थांबा जरा. चष्मा लावून एकेक उलटून बघायला बसले. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, काकासासरे कावलेले. शेवटी १९११चा एक निघाला, पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्तीऐवजी डुक्कर दिसतं तो. सासऱ्यांनी कौतुकाने सराफाला दाखवला तर तो म्हणतो, “काका, माझ्या तागडीत हत्तीला आणि डुकराला एकच भाव.”
तो एक घरी आणला, बाकीचे दिले. तुम्ही कोणी अशी नाणी विकलीत, घेतलीत? भाव कसा धरला? लिहा, पाल्हाळ चालेल.

तिखटमिठाची पुरी
हत्तीला आणि डुकराला एकच भाव, हे मी ऑफिसात वापरणार. अप्रेझल जवळ आलंय.

पिंपळपान
गुळांबा, सासऱ्यांना नमस्कार सांगा. राजाच्या झग्यावर मानचिन्हाची साखळी आहे, त्यात हत्ती. सोंड इतकी आखूड कोरली की लोकांना डुक्कर दिसलं आणि बोंबाबोंब झाली. हिंदू-मुसलमान दोघंही नाराज होणार हे दिसल्यावर सरकारने ती नाणी मागे घेतली आणि १९१२पासून हत्ती सुधारला. म्हणून १९११चा वेगळा ठेवायचा.
मी मोड, म्हणजे आटवायला आलेलं जुनं सोनं-चांदी, घेणाऱ्या दुकानांतूनच नाणी घेतो. ओळखीचे दुकानदार आटणीला पाठवायच्या आधी डबा समोर ठेवतात, चांदीच्या भावावर थोडं चढवून जे हवं ते उचलायचं. बहुतेक डब्यांत काही नसतं. व्हिक्टोरियाचे १८६२चे रुपये ढिगाने, कारण १८६२ हेच सन पुढे १८७४पर्यंत छापत राहिले. लोक मात्र ‘दीडशे वर्षांपूर्वीचं आहे हो’ म्हणून छातीशी धरतात. जुनं आणि दुर्मीळ यांचा तसा काही संबंध नाही. सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया व्हिक्टोरियापुढे कालचं पोर, पण तो डब्यात दिसणं कठीण. मला दाखवले गेले ते १९३८चा आठ कोरून नऊ केलेले.

चकलीचा सोऱ्या
जरा इकडे बघा कोणीतरी. आईकडचे १९४२, ४४चे रुपये होते, दुकानदाराने राणीछापच्या जवळजवळ निम्मा भाव लावला. भाऊ भांडून उठून आला. फसवत होता ना?

पिंपळपान
नाही हो, बरोबर होता तो. आधीच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, १९४०पासून निम्मीच. वजन दोन्हींचं तोळाभरच, ११.६६ ग्रॅम, त्यामुळे हातात फरक कळत नाही. जुन्यात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, त्यात ५.८. युद्धात चांदी पुरवून वापरायची होती. आणि १९४७च्या रुपयात तर चांदीच नाही, निकेल आहे, लोहचुंबकाला चिकटतो.

चकलीचा सोऱ्या
भावाला पाठवलं. उत्तर आलं : अंगठा. आता त्याच दुकानात परत जायला लाजतोय, बायकोला पाठवणार म्हणे.

तिखटमिठाची पुरी
बायकांनीच निस्तरायचं. चालू द्या.

पंचगंगेचा पाहुणा
आमच्या आज्ज्यानं राणीछापांना कड्या डाखून बैलाच्या गळ्यात घालायची माळ केलती. बेंदराला मिरवायची, सगळं गाव बघायचं. चुलत्यानं गुजरीत न्हेली तर सराफ म्हनला डाख (सांधायचा धातू) लागल्याला हाय, त्याची घट धरनार, मळ पन लई हाय. मळ कसला, बैलाच्या घामाचा! आनि कडी लावली की नाणी जमवनारा हात बी लावत न्हाई म्हनं. आता बैल बी न्हाई, माळ बी न्हाई, ट्रॅक्टरचा हप्ता तेवढा गेला त्यात.

गुळांबा
पाहुणे, माळेचा फोटो आहे का?

पंचगंगेचा पाहुणा
बैलाचा हाय. माळ दिसत न्हाई, शिंगंच दिसत्यात.

काउंटरमागून
मी अशाच एका दुकानात कामाला आहे, गाव विचारू नका. सोन्याचं नाणं आलं की आधी कस तपासायच्या मशीनवर. पण मशीन वरचा पातळ थरच वाचतं, जाड मुलामा असला की तेही गंडतं. मग कानस मारायची नाहीतर कापून बघायचं. गिन्नी असली तर मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, कापू का? लोक सर्रास हो म्हणतात, पैसे लवकर हवे असतात. कापली की गिन्नी गेली, राहिला बावीस कॅरेटचा तुकडा. खरं म्हणजे कापायची गरज नसते. खरी गिन्नी ७.९८ ग्रॅम भरते, व्यास २२ मिलिमीटरच्या आसपास. वजन जमलं आणि व्यास, जाडी जमली नाही की संशय घ्यायचा. इकडच्याच कारागिरांनी पाडलेल्या पण पुष्कळ येतात, सोनं चांगलं, छाप घरचा. त्यांना फक्त धातूचा भाव.
शेठ १९१८ची गिन्नी आली की तिच्या मागच्या बाजूला घोडेस्वार असतो, त्याच्या घोड्याच्या पायाखालच्या रेघेवर भिंग धरतात. तिथे बारीक ‘आय’ असेल तर ती मुंबईच्या टांकसाळीतली. त्या तेवढ्या एकाच वर्षाच्या सनाच्या आहेत. ती आटवत नाहीत, वेगळी जाते.

तिखटमिठाची पुरी
आणि गिऱ्हाइकाला सांगतात का, की तुमची मुंबईची आहे?

काउंटरमागून
चहा आला. नंतर बोलू.

तिखटमिठाची पुरी
😄 कळलं.

गोदाकाठ
आमच्याकडं दोन गाठोडी असायची, एक कलदारचं, एक हालीचं. हाली म्हणजे निजामाचा सिक्का, चारमिनारवाला. सात हाली दिले की सहा कलदार, आजोबा हा हिशोब झोपेतही सांगायचे. विकायला नेले तर कलदार पटापट मोजून घेतले आणि हालीला नाक मुरडलं. वजन कमी, चांदीही कमी, ८१.८ टक्के. दुकानातला पोरगा म्हणाला, हे पाकिस्तानचं आहे का? उर्दू बघून! आजोबा असते तर तिथंच काठी उगारली असती. चारमिनारच्या कमानीत अक्षर असतं, मीम असलं तर निजाम महबूब अलीचं नाणं, ऐन असलं तर निजाम उस्मान अलीचं. हे त्या पोराला सांगितलं तर म्हणे, काका, काट्यावर ठेवा.
दिले नाहीत मग. घरीच आहेत.

मांडवी
गोव्यात वेगळंच. पोर्तुगीज रुपिया, १८८२चा, लुईश राजाचं डोकं. वजन आणि चांदी राणीछापाइतकीच, पण दुकानदाराला व्हिक्टोरिया ओळखीची, लुईश नाही. “हो खंयचो?” करत कमी भाव सांगितला. आई म्हणाली ठेव खाली, आणि पर्समध्ये टाकून सरळ मासळी घ्यायला गेली. त्या दिवशी इसवण स्वस्त होतं, ते मात्र नीट आठवतं.

चकलीचा सोऱ्या
इसवण म्हणजे सुरमई ना?

मांडवी
हो. तुकड्या रव्यात घोळवून. आता भूक लागली, जाते.

एडिसनची वहिनी
इथे अमेरिकेतही ‘वी बाय गोल्ड’च्या पाट्या जागोजागी. इथल्या नाण्यांचं सांगते, १९६४पर्यंतच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट), हाफ डॉलरमध्ये ९० टक्के चांदी. नवऱ्याला नाद आहे, बँकेतून क्वार्टरच्या गुंडाळ्या आणून रात्री कडा बघत बसतो. चांदीच्या नाण्याची कड पांढरी, नंतरच्यांची तांबूस. दर्शनी, म्हणजे नाण्यांवर छापलेल्या किमतीने, एक डॉलरच्या चिल्लरीत साधारण ०.७१५ ट्रॉय औंस (सोन्या-चांदीच्या वजनाचं माप) चांदी धरतात आणि भाव ‘दर्शनीच्या इतके पट’ असा बोलतात. सोनं घेणाऱ्या दुकानातल्या मुलाने हे कधी ऐकलंच नव्हतं, प्रत्येक डाइम सुटा वजन करत बसला. दोन गल्ल्या पलीकडे नाण्यांच्या दुकानात म्हातारबुवांनी बोटांनी सरकवत मोजले आणि आकडा सांगितला. चांगला फरक पडला.
पुढच्या वेळी पुण्याहून आजीचे राणीछाप इकडे आणावेत म्हणतेय, इथे विकेन.

पिंपळपान
वहिनी, थांबा. शंभर वर्षांवरची नाणी १९७२च्या कायद्याने पुरावस्तू धरली जातात, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. विमानतळावर नसता ताप होईल.

एडिसनची वहिनी
अगंबाई. बरं झालं बोलले. सासूबाईंकडेच राहू देत मग, त्यांची नजर आहेच त्यांच्यावर.

अडगुलं मडगुलं
आमच्या मामांना एकाने १८१८चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं आणून दिलं, एका बाजूला रामदरबार. म्हणे हे तांदूळ ओढतं, परदेशी कंपनी कोटीत घेते, आधी तपासणीचे पैसे भरा. मामा ताटलीत आंबेमोहोर घेऊन बसले. तांदूळ जागचा हलेना. मामी म्हणाली, बासमती घेऊन बघा, महागाचा ओढत असेल.

काउंटरमागून
महिन्याला एक तरी येतो घेऊन. कंपनीने रामदरबारची नाणी कधी पाडलीच नाहीत, ते देवळाबाहेर विकायचे बिल्ले आहेत. पितळेचा भावही धड येत नाही. आणि ते ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं लाखात विका’वालेही येतात. २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढलं होतं की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी फी, कमिशन मागणाऱ्यांना भुलू नका. आम्ही ते छापून काचेला लावलंय. कोणी वाचत नाही.

साखरफुटाणा
मी गेल्या धनत्रयोदशीला बँकेतून सोन्याचं नाणं घेतलं. मोडायला नेलं तर म्हणे आम्ही परत घेत नाही.

काउंटरमागून
बँका फक्त विकतात, परत घेत नाहीत. आमच्यासारख्यांकडे आणावं लागतं. पाकीट फोडू नका आणि पावती आणा. पावती नसली की चोरीचा माल नाही ना म्हणून आम्हालाच धाकधूक. आधारची प्रत मागितली तर रागावू नका. आणि एका दिवसात दोन लाख किंवा वर रोख मिळणार नाही, बाहेर पाटी कितीही ‘रोखीने’ म्हणो. तसा कायदाच आहे.

साखरफुटाणा
दोन लाख! एक ग्रॅमचं नाणं आहे हो माझं.

विहीणबाई
धागा वाचून डबा काढला. काळेकुट्ट झालेत. रिठ्याने घासू की टूथपेस्टने?

पिंपळपान
कशानेही नको!! काळेपण राहू द्या. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे येतात आणि जमवणारा लगेच भाव पाडतो. मोडच घालायची असेल तर मग कसंही चालेल, भट्टीला काळं-गोरं सारखंच.

विहीणबाई
घासून झाला एक. बाकीचे ठेवते. छान चमकतोय पण.

गुळांबा
विहीणबाई, सन वाचा आधी सगळ्यांचं. आणि नाण्यांच्या पुरचुंडीचा तो खण कोणी विचारला होता मला विचारपुशीत? गुळेदगुड्डचा आहे, लाल-हिरवा. आता माझ्याकडेच आहे, देणार नाही, पिशवी शिवायची आहे.

विहीणबाई
वाचते. एकावर १९३८ आहे बहुतेक, आठ आहे की नऊ कळत नाहीये. वजन करून कळेल का? केकचा काटा आहे घरी.

पिंपळपान
वजनाने नाही कळणार, दोन्ही सारखीच. आकड्याचा जवळून फोटो टाका, उन्हात. आणि घासू नका!

विहीणबाई
ऊन नाहीये, पावसाळी आहे इकडे. मुलगा घरी आला की त्याच्या फोनवरून टाकते, माझ्या कॅमेऱ्यावर कणीक लागलीय.